चौथा पत्ता

१

दहा वाजून एकोणचाळीस मिनिटांपर्यंत भिंतीवरच्या पडद्यावरची हिरवी रेघ शहाण्यासारखी आडवी चालली होती. चाळीस झाले आणि ती उभी वर चढली, पडद्याची कड ओलांडून दिसेनाशी झाली. रेघेखाली सतरा चौकोन होते, सतरा रक्तपेढ्यांचे. ते एकेक करून राखाडी पडत गेले.

"लाट आली," भावजी म्हणाले.

"डोळे आहेत मला," चाळणीबाई म्हणाल्या आणि हातातला चहाचा कप त्यांनी इतक्या जोरात टेबलावर ठेवला की अर्धा चहा की-बोर्डात गेला. हा या आठवड्यातला दुसरा की-बोर्ड.

सलग नववा दिवस होता. रोज दहा चाळीसला हल्ला सुरू व्हायचा, साडेअकराला थांबायचा. जगभरातले लाखभर कॅमेरे, दारावरच्या घंट्या, जुनाट राउटर, ज्यांच्या मालकांना आपलं यंत्र दुसऱ्याच्या ताब्यात गेल्याचा पत्ताही नव्हता, एकाच वेळी रक्तसाठा केंद्राच्या सर्व्हरवर तुटून पडायचे. त्यांना काही नको असायचं. नुसतं दार ठोठावत राहायचं, म्हणजे ज्याला खरंच काही हवं आहे तो दारापर्यंत पोचू नये.

आणि ज्याला हवं असायचं त्याला रक्त हवं असायचं. कुठल्या गटाच्या किती पिशव्या कुठल्या रक्तपेढीत आहेत हे डॉक्टरांना एका नजरेत दिसावं, यासाठी हे केंद्र होतं. पावणेअकराला प्रत्येक रक्तपेढीचं यंत्र कोल्ड रूममधल्या पिशव्या आणि तिथलं तापमान आपोआप मोजून केंद्राकडे पाठवायचं. मोजणी पोचली नाही तर नियम असा, की कालचाच आकडा आज धरायचा. नऊ दिवस सतराही पेढ्यांचा नऊ दिवसांपूर्वीचा आकडा धरला जात होता.

वाईट विनंत्या चाळून चांगल्या तेवढ्या आत सोडायच्या, हे बाईंचं काम. वीस वर्षं तेच केल्यामुळे त्यांचं नाव चाळणीबाई पडलं होतं, आणि इतकी वर्षं त्या ते नाव कौतुकानं मिरवत आल्या होत्या. हल्ली कोणी हाक मारली की टोमणा वाटायचा.

फोन वाजला. सेवा पडली की पहिला फोन अकरा नंबरचा, हे ठरलेलं. केंद्रात रक्तपेढ्या नंबरानेच ओळखल्या जात आणि त्यांचे प्रमुखही.

"बाई, आज परत?" अकरा नंबरचे प्रमुख म्हणाले. आवाज नेहमीसारखा, दुखावलेला आणि सभ्य. "इथे रुग्णांचे नातेवाईक माझ्या टेबलाशी उभे आहेत. त्यांना काय सांगू?"

"तांत्रिक अडचण आहे. बारापर्यंत होईल सुरू. तुमचा आजचा आकडा तोंडी सांगून ठेवता का?"

"आकड्याचं राहू द्या हो. आधी सेवा सुरू करा. नुसते पत्ते बदलून काय होणार आहे? माणसं बदला."

बाईंनी फोन ठेवला आणि मनात एक शिवी दिली. ती द्यायचीही आता सवय झाली होती. तेवढ्यात शिपाई निरोप घेऊन आला. साहेबांनी बोलावलं होतं, एकटीला.

२

साहेबांच्या खोलीत पंखा होता, पण तो साहेबांच्या बाजूला वळवलेला होता.

"मला परत एकदा समजावून सांगा," साहेब म्हणाले. "आपण एवढी ढाल घेतली. मग हे आत येतात कसे?"

बाईंनी पाचव्यांदा समजावलं. बाहेरच्या जगाला दिसतो तो ढालीचा पत्ता. येईल ती विनंती आधी ढालीवर थांबते, चाळली जाते आणि मगच खऱ्या सर्व्हरकडे जाते. खऱ्या सर्व्हरचा पत्ता गुप्त असतो. हल्लेखोराला मात्र तो ठाऊक आहे. तो ढालीकडे ढुंकूनही न बघता थेट घरी येतो.

"मग घराचं दार लावून घ्या."

"दार लावलेलंच आहे, साहेब. पण सगळी गल्लीच माणसांनी भरली, तर आपली माणसं दारापर्यंत येणार कशी? म्हणून पत्ता बदलायचा. चार दिवसांत तीनदा बदलला. दर वेळी दुसऱ्या दिवशी दहा चाळीसला हे नव्या पत्त्यावर हजर."

"आणि नवा पत्ता कोणाकोणाला माहीत असतो?"

"मला, तुम्हाला, भावजींना. हेडक्लार्कच्या कपाटात बंद पाकिटात एक प्रत असते."

"म्हणजे चौघं," साहेब म्हणाले आणि त्यांनी ड्रॉवरमधून एक कागद काढून टेबलावर सरकवला. "हे वाचा."

तो नोकरीचा अर्ज होता. बाहेरच्या एका कंपनीकडे केलेला. नेटवर्क संरक्षणाचंच काम करणारी आणि केंद्राचं काम आपल्याला द्या म्हणून दोन वर्षं साहेबांच्या मागे लागलेली कंपनी. त्यांनीच तो चौकशीसाठी साहेबांकडे धाडला होता. खाली भावजींची सही होती. तारीख तीन आठवड्यांपूर्वीची.

बाईंना आधी कागदावरची अक्षरं दिसली, मग त्यांचा अर्थ. भावजी म्हणजे त्यांचा सख्खा धाकटा दीर. त्या लग्न होऊन घरात आल्या तेव्हा तो सातवीत होता आणि गणितात नापास होत होता. वयाने तेरा वर्षांनी लहान, पण मानाने भावजी. त्याला बेरजेपासून नेटवर्कपर्यंत सगळं त्यांनीच शिकवलं, या नोकरीसाठी शब्दही त्यांनीच टाकला. आजही दोघं एका घरात राहत होते, एका टेबलावर जेवत होते. तीन आठवड्यांत त्याने एका शब्दाने विषय काढला नव्हता.

"इथली सेवा वारंवार पडली तर काम कोणाकडे जाईल, हे तुम्हाला सांगायला नको," साहेब म्हणाले. "परवा बारापर्यंत वेळ देतो. तोवर दुसरं काही सापडलं नाही, तर मी पोलिसांत यांचं नाव देणार."

"ते तसं करणार नाहीत, साहेब."

"तुमची खात्री आहे?"

बाईंना चटकन हो म्हणता आलं नाही, आणि त्याचा राग त्यांना दिवसभर पुरला.

३

हेडक्लार्कना सगळे पूर्ववतराव म्हणत. सेवा पडून पुन्हा उभी राहिली की सतराही पेढ्यांना ते जातीने सूचना धाडायचे: "सेवा पूर्ववत सुरू झाली आहे. झालेल्या गैरसोयीबद्दल मनःपूर्वक दिलगीर आहोत." तीस वर्षं त्यातला काना-मात्रा हलला नव्हता. एक प्रत बाईंनाही यायची, ती त्या न उघडता तशीच पडू देत.

"पाकीट?" पूर्ववतरावांनी कपाट उघडून लाखेचा शिक्का लावलेलं पाकीट दाखवलं. "हे बघा, जसंच्या तसं आहे. आणि उघडून मी करू काय? त्यातल्या आकड्यांचं मला ओ की ठो कळत नाही. मला माझं काम पुरे झालंय. या हल्ल्यांपायी आकड्यांच्या दुरुस्त्या पत्राने येतात, त्या अजून चढवायच्याच आहेत. रोज सोळा पत्रं, बत्तीस सह्या, एकेक तपासायची. माझे डोळे गेले, बाई."

"भावजी कधी या कपाटाशी दिसले?"

पूर्ववतरावांनी चष्मा काढला. "असलं तुम्ही मला विचारू नका," ते म्हणाले. "तुमच्या घरचा माणूस आहे तो."

तुमच्या घरचा माणूस. बाई तरातरा खाली सर्व्हरच्या खोलीत गेल्या. भावजी जमिनीवर मांडी घालून तारा मोजत बसले होते.

"अर्ज केलात?" बाईंनी सरळच विचारलं.

भावजींचा हात थांबला. "केला."

"घरात सांगावंसं नाही वाटलं?"

"सांगणार होतो. निवड झाली असती तर. नाही झाली तर उगाच कशाला, म्हणून थांबलो." मग वर न बघता ते म्हणाले, "वहिनी, इथे मी कितीही राबलो तरी जन्मभर तुमचा दीरच राहणार. एखादं काम नीट झालं की लोक म्हणतात, वहिनीने शिकवलंय. बिघडलं की म्हणतात, वहिनीने चिकटवलंय."

"असं कोण म्हणतं?"

"सगळेच. तुम्हाला ऐकू येत नाही एवढंच."

बाईंना यावर बरंच बोलायचं होतं. त्याऐवजी भलतंच तोंडातून गेलं. "भावजी, पत्ता कोणाला बोललात का? चुकून? मित्राला, त्या कंपनीत मुलाखतीला गेलात तेव्हा?"

आता भावजींनी वर पाहिलं. "हे तुम्ही विचारताय की साहेब?"

"मी."

"नाही बोललो," ते म्हणाले आणि पुन्हा तारा मोजायला लागले. मोजणी मघाशी कुठे थांबली होती हे त्यांच्या लक्षात राहिलं नसावं, कारण त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली.

जिना चढताना बाईंनी ठरवलं. पत्ता आज पुन्हा बदलायचा, चौथ्यांदा. आणि या खेपेला तो कोणालाच सांगायचा नाही. पाकीट आहे तसंच राहू द्यायचं. साहेबांना आणि भावजींना जुनाच पत्ता चालू आहे असं वाटू द्यायचं. उद्या दहा चाळीसला हल्ला जुन्या, रिकाम्या पत्त्यावर आला, तर फितुरी माणसाची. मग तो माणूस कोण, हे शोधण्याशिवाय गत्यंतर नाही.

तसं झालं तर घरी नवऱ्याला काय सांगायचं, याचा विचार त्यांनी मुद्दाम केला नाही.

४

दुसऱ्या दिवशी दहा एकोणचाळीसला बाई पडद्यासमोर एकट्याच उभ्या होत्या. भावजी आले होते, पण मागे, दाराशी.

चाळीस झाले. हिरवी रेघ उभी चढली.

बाईंनी जुना पत्ता तपासला. तिथे चिटपाखरूही नव्हतं. लाखभर यंत्रं चौथ्या पत्त्यावर आदळत होती, जो काल दुपारपर्यंत अस्तित्वातच नव्हता आणि जो एका माणसाशिवाय जगात कोणालाही ठाऊक नव्हता. त्यांनी तो कागदावर लिहिला नव्हता. कोणाला बोलल्या नव्हत्या. झोपेत बरळल्या असतील तर तेवढंच.

म्हणजे साहेब सुटले, पूर्ववतराव सुटले आणि भावजीही सुटले. बाईंना हायसं वाटायला हवं होतं. ते क्षणभर वाटलंही. मग हिशेब पुढे सरकला. पत्ता एकीलाच माहीत आणि पत्ता फुटला. साहेबांच्या रीतीने तपास केला, तर आता संशयित एकच उरत होती: त्या स्वतः.

फोन वाजला. अकरा नंबर. बाईंनी तो उचललाच नाही.

५

दुपारी एक वाजता सेवा उभी राहिली आणि सव्वाला बाईंच्या संगणकावर टिंग वाजलं. "सेवा पूर्ववत सुरू झाली आहे."

"पूर्ववत," बाई मोठ्याने म्हणाल्या. "पूर्ववत म्हणे. उद्या पुन्हा पूर्ववत पडेल." सगळा राग आता त्या एका शब्दावर निघाला. आज या माणसाला उत्तर लिहायचंच, की काका, तीस वर्षांत दुसरा शब्द सुचला नाही का? उत्तर लिहायचं म्हणून त्यांनी ती सूचना उघडली. आधीच्या कित्येक तशाच न वाचता पडल्या होत्या.

उत्तर लिहायला घेतलं आणि त्यांचा हात थांबला. पत्ता कोणी माणसाने सांगितला नसेल, तर सर्व्हरनेच सांगितला असेल. सर्व्हर कोणाशी बोलतो? त्याची सगळी पत्रं बाहेरच्या टपाल सेवेतून जातात, ती व्यवस्था त्यांनी स्वतः लावली होती, म्हणून त्या बाजूला त्यांनी बघितलंच नव्हतं. प्रत्येक ई-पत्राला एक लपलेला माथा असतो. पत्र कुठून निघालं, कुठल्या वाटेने आलं, ते पाकिटावरच्या शिक्क्यासारखं त्यावर उमटत जातं. वाचणाऱ्याला ते दिसत नाही, पण ज्याला उघडून बघता येतं त्याला दिसतं.

बाईंनी तो माथा उघडला. पहिल्याच ओळीत चौथा पत्ता लिहिलेला होता. काल पत्ता बदलताना सेवा काही मिनिटं बंद ठेवावी लागली होती, त्यानंतर आलेल्या संध्याकाळच्या सूचनेतही तोच होता.

त्या पूर्ववतरावांच्या टेबलापाशी पोचल्या तेव्हा ते डबा उघडत होते.

"काका, ही सूचना तुम्ही कशी पाठवता? मला करून दाखवा."

"हे काय, हे बटण." पूर्ववतरावांनी पडद्याच्या कोपऱ्यातल्या निळ्या चौकोनावर बोट ठेवलं. "दाबलं की सतरा जणांना जाते, अठरावी तुम्हाला. काही चुकलं का? लोकांची गैरसोय होते, आपण निदान दिलगिरी तरी..."

"बटण कोणी करून दिलं?"

"भावजींनीच. तीन वर्षांपूर्वी ती बाहेरची टपाल सेवा दोन दिवस बंद होती, तेव्हा. सर्व्हरवरूनच थेट जाईल म्हणाले."

"त्यांना कोणी सांगितलं होतं करायला?"

पूर्ववतरावांनी त्यांच्याकडे जरा संकोचून पाहिलं. "तुम्हीच की, बाई. मी सारखा तुमच्या मागे लागलो होतो. तुम्ही वैतागून त्यांना म्हणालात, यांना एक बटण करून द्या आणि माझं डोकं खाणं थांबवा."

आता बाईंना तो दिवस आठवला. टपाल सेवा परत सुरू झाली आणि बटण काढायचं राहून गेलं. भावजींनी आठवण केली होती की नाही, हेही त्यांना आठवेना. केली असली तरी त्यांनी ऐकली नसेल.

पत्ता कसा फुटतो ते कळलं होतं. पण ही सूचना सतरा ठिकाणी जात होती, आणि त्या सतरातला एक जण ती वाचून पाकिटावरचा शिक्का बघत होता. कोण, ते शोधायला उद्या बारापर्यंतचा वेळ होता.

६

"सतरा जणांना सतरा वेगळे पत्ते," बाई म्हणाल्या. "प्रत्येकाची सूचना वेगळ्या सर्व्हरवरून निघेल. सतराही सर्व्हर रिकामे, भाड्याने घेतलेले. आपला खरा पत्ता पाचवा असेल आणि त्यावरून कोणालाही काही जाणार नाही. उद्या ज्या पत्त्यावर हल्ला येईल, तो पत्ता ज्याला पाठवला तो आपला माणूस."

साहेबांनी मान हलवली. भावजी खिडकीशी उभे होते. त्यांना सगळं सांगावंच लागलं होतं, कारण एका दुपारी सतरा सर्व्हर उभे करणं एकटीच्या आवाक्यातलं नव्हतं. सांगताना चौथ्या पत्त्याचंही सांगावं लागलं. भावजींनी ते ऐकून घेतलं आणि फक्त विचारलं, "पहिले नऊ मी करू की शेवटचे नऊ?"

"एकूण सतराच आहेत," बाई म्हणाल्या.

"हो. मग नऊ माझे."

संध्याकाळपर्यंत दोघं शेजारी बसून काम करत होते. कामापुरतं बोलणं झालं. पूर्ववतरावांना सूचना सतरा वेळा, सतरा ठिकाणांहून पाठवायला सांगितली, तेव्हा प्रत्येक वेळी त्यांनी ती पाठवण्यापूर्वी पूर्ण वाचून पाहिली.

सकाळी साहेबही पडद्यापाशी येऊन उभे राहिले. आज पडद्यावर अठरा रेघा होत्या, खऱ्या सर्व्हरची सगळ्यात खाली.

दहा चाळीसला एकच रेघ उभी चढली.

"अकरा," भावजी म्हणाले.

बाकी रेघा आडव्याच राहिल्या. पावणेअकराला मोजणी सुरू झाली आणि दहा दिवसांत पहिल्यांदा चौकोन हिरवे होऊ लागले. एक, दोन, पाच, नऊ, चौदा. सव्वाअकराला मोजणीची वेळ संपली तेव्हा सोळा चौकोन हिरवे होते. अकरावा राखाडीच होता. तिथल्या यंत्राची तारच कोणीतरी काढली असावी.

आणि आज अकरा नंबरचा फोन आला नव्हता.

७

म्हणून बाईंनीच केला, साहेबांच्या खोलीतून, सगळ्यांना ऐकू येईल असा.

"आज सेवा सुरू आहे," त्या म्हणाल्या. "तुमची मोजणी आली नाही."

"आमचं यंत्र बिघडलंय," अकरा नंबरचे प्रमुख म्हणाले. "आजच. काय योगायोग बघा."

"योगायोग नाही. परवा तुम्ही मला म्हणालात, नुसते पत्ते बदलून काय होणार. आम्ही पत्ते बदलतो हे चौघांशिवाय कोणाला माहीत नव्हतं. बाहेर सगळ्यांना आम्ही तांत्रिक अडचण एवढंच सांगत होतो. तेव्हा मी इतकी चिडलेली होते की ते माझ्या डोक्यावरून गेलं. तुम्ही रक्तपेढीत येण्याआधी कुठे होतात, हे आज तुमच्याच हॉस्पिटलात विचारलं. संगणक विभागात नऊ वर्षं. ई-पत्राचा माथा वाचायला तुम्हाला कोणी शिकवायची गरज नव्हती. आणि हल्ला काय, आजकाल तासावर भाड्याने मिळतो."

बाईंनी पूर्ववतरावांकडून आणलेली पत्रांची यादी पुढे ओढली.

"दुसरं. मोजणी चुकली की बाकीचे सोळा जण रोज दोन सह्यांचं दुरुस्तीचं पत्र धाडत होते. सोळा, सतरा नाही. जो माणूस सगळ्यात आधी तक्रार करतो, त्याला आपला आकडा मात्र दुरुस्त व्हायला नको आहे. तोंडी सांगा म्हटलं तर म्हणता, आकड्याचं राहू द्या. हल्ले सुरू होण्याआधीचा तुमचा आकडा चांगला होता. त्यानंतर कोल्ड रूम बंद पडली. बरोबर?"

उत्तर आलं तेव्हा दुखावलेला सूर त्यातून गेला होता. "गेल्याच्या आधीच्या रविवारी. तापमानाची धोक्याची घंटा वाजली होती. मला वाटलं नेहमीसारखी उगाच वाजतेय, मी घरूनच बंद केली. सोमवारी आलो तर सगळ्या पिशव्या गरम. मी त्या फेकल्या आणि रोज नवं रक्त जमा होईल तसं भरत होतो. अजून चार दिवस मिळाले असते तर आकडा जुळला असता."

"तुमच्या एकट्याचा आकडा आला नसता तर दुसऱ्या दिवशी तपासणी पथक तुमच्या दारात आलं असतं," बाई म्हणाल्या. "सतराही आले नाहीत, तर शिव्या आम्हाला. म्हणून सगळ्यांना पाडलंत. आणि या दहा दिवसांत तुमचा जुना आकडा बघून जे नातेवाईक तुमच्याकडे धावत आले?"

"त्यांना मी दुसरीकडे पाठवत होतो."

"सगळे वेळेत पोचले?"

साहेबांनी हात पुढे करून फोन बंद केला आणि दुसरा फोन उचलला. बारा वाजायला दहा मिनिटं होती.

पोलिसांशी बोलणं झाल्यावर साहेबांनी ड्रॉवर उघडला आणि तो अर्ज भावजींच्या हातात दिला. "हा माझ्याकडे आला नव्हता असं समजा. कामाला लागा," असं म्हणून त्यांनी विषय संपवला. माफी मागण्यातला हा त्यांचा सगळ्यात मोठा प्रकार असावा.

बाई आणि भावजी खाली सर्व्हरच्या खोलीत आले. आता काहीतरी बोलायला हवं होतं.

"ते बटण मीच करायला सांगितलं होतं," बाई म्हणाल्या. "साहेबांना मी तसं लिहून देणार आहे. तुमच्यावर काही येणार नाही."

"मला ते आठवत होतं," भावजी म्हणाले. "परवा विचारलं असतंत तर मीच सांगितलं असतं. पत्ता यंत्रातून फुटत असेल का, असं तुम्ही मला विचारलं नाहीत. पत्ता कोणाला बोललात का, असं विचारलंत."

"मी सगळ्यांनाच विचारत होते. तपास असाच करतात. शेवटी मी स्वतःलाही सोडलं नाही."

"शेवटी," भावजी म्हणाले. "आधी मला धरलंत. साहेबांचं मी समजू शकतो, त्यांच्यापुढे एक कागद होता आणि ते मला सहा वर्षं ओळखतात. तुम्ही मला बावीस वर्षं ओळखता, वहिनी. तरी चौथा पत्ता माझ्यापासून लपवलात."

बाईंकडे उत्तर होतं. सगळ्यांपासून लपवला, तेव्हाच तुम्ही सुटलात, हे खरंच होतं. पण लपवताना आपल्या मनात साहेब नव्हते आणि पूर्ववतराव तर नव्हतेच, हेही त्यांना ठाऊक होतं. इतके दिवस लाखभर यंत्रांवर, चहावर, पूर्ववतरावांवर काढलेला राग आता कुठे ठेवायचा ते त्यांना कळेना.

"त्या कंपनीचं काल पत्र आलं," भावजी म्हणाले. "निवड झाली. मी नाही म्हणणार होतो, खरं सांगतो. आता हो म्हणतोय. दादाला मी सांगेन, तुम्ही काही सांगू नका. जेवायला घरीच असणार आहे, त्यात काही बदल नाही."

"चूक झाली माझी, भावजी," बाई म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी या दिराला आजवर कधी म्हटलं नव्हतं. गणिताच्या वहीत त्यांनीच चुकीचं उत्तर दिलं होतं, तेव्हाही नाही.

"हो, झाली," भावजी म्हणाले. आवाजात राग नव्हता, आढ्यताही नव्हती. त्यांनी खुर्ची नीट आत सारली, आपल्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि जिना चढून गेले.

ते भांडून गेले असते तर बाईंना सोपं गेलं असतं. भांडणाला उत्तर देता येतं. त्या बराच वेळ किल्ल्यांकडे बघत बसल्या, मग उठून त्यांनी सतरा सर्व्हरांपैकी पहिला बंद करायला घेतला.